वेल्समध्ये नोकरी लागलीय, वेल्श शिकायला हवी का?

फिजिओ_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलुंडला राहते, नॉर्थ वेल्समध्ये बँगोरच्या बाजूला नोकरी लागलीय, व्हिसा आणि रजिस्ट्रेशनचं चालू आहे त्याबद्दल काही विचारायचं नाहीये. विचारायचंय ते भाषेबद्दल. जाहिरातीत वेल्श येत असेल तर उत्तम असं लिहिलेलं आणि इंटरव्ह्यूमध्ये पण विचारलं की शिकायची तयारी आहे का, मी हो म्हटलं आणि ते मनापासूनच म्हटलं. पण आता ज्याला सांगेन तो म्हणतो कशाला ती भानगड, तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं, जी भाषा त्यांची त्यांनाच धड येत नाही ती तू शिकून काय करणार. आणि गंमत नाही पण खरंच सांगते, मुंबईत मराठीबद्दल जे ऐकत मोठी झाले तेच शब्दच्या शब्द आता दुसऱ्या भाषेबद्दल ऐकतेय.

मला ते इतकं सोपं वाटत नाही त्याचं कारण माझं काम. आमच्याकडे कोकणातून आलेले पेशंट खूप असतात, मुलाकडे मुंबईत आणलेले म्हातारे आईवडील वगैरे. स्ट्रोक झालेल्या एक आजी होत्या, त्यांना हिंदीत सांगा नाहीतर पुस्तकी मराठीत सांगा, नुसत्या बघत राहायच्या, आणि कुडाळची आमची सिस्टर मालवणीत बोलायला लागली की त्याच आजी हात उचलायच्या, पाय हलवायच्या, वर तिची चौकशी पण करायच्या. तर वेल्समधल्या खेड्यातल्या आजोबांचं वेगळं काय असणार आहे.

म्हणून तिकडे राहिलेल्यांना विचारते, रोजच्या व्यवहारात खरंच बोलतात का वेल्श, की पाट्यांपुरतीच आहे? बाहेरून आलेल्या माणसाने, त्यात आपल्यासारख्या दिसणाऱ्या, बोलायचा प्रयत्न केला तर त्यांना आवडतं की अवघडल्यासारखं होतं? आणि किती आली म्हणजे हॉस्पिटलात कामाला येईल? तिकडे न राहिलेल्यांनी पण लिहा, मराठीच्या अनुभवावरून काही सांगता आलं तर तेही हवंय.

कार्डिफमधला_दादरकर

ताई अभिनंदन. मी बरीच वर्षं इकडे आहे, कार्डिफला, पण कामानिमित्त नॉर्थला जाणं होतं म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. पहिलं म्हणजे साऊथ आणि नॉर्थ एक समजू नका. 2021 च्या जनगणनेत वेल्समधल्या 17.8 टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे साधारण 5 लाख 38 हजार माणसं, आणि 2011 ला हेच 19 टक्के होतं म्हणजे कमीच झालंय. पण हा सगळ्या वेल्सचा आकडा झाला. कार्डिफमध्ये तुम्ही दिवसभर फिरलात तरी कानावर इंग्लिशच पडेल, पाट्या सगळ्या दोन भाषांत, रस्त्यावर 'आराव्ह' म्हणजे 'हळू' असं मोठ्ठं रंगवलेलं, पण दुकानात कुणी वेल्शमध्ये बोलत नाही. तुम्ही जिथे चाललाय तो ग्विनेद जिल्हा म्हणजे वेगळं जग आहे. तिथे जवळपास 64 टक्के लोक वेल्श बोलतात. कर्नारव्हनला जा, बसचा ड्रायव्हर, बेकरीतली बाई, फुटबॉल खेळणारी पोरं, गॅरेजवाला सगळे आपापसात वेल्शमध्ये. तिथल्या कौन्सिलचं ऑफिसातलं अंतर्गत कामकाज वेल्शमध्ये चालतं, म्हणजे फाइल पण वेल्श आणि चहाच्या वेळच्या गप्पा पण. बँगोर शहरात युनिव्हर्सिटी असल्यामुळे इंग्लिश जास्त ऐकू येईल पण आजूबाजूच्या बेथेस्दासारख्या गावांतून जे पेशंट येतील ते वेल्शच बोलणारे असणार.

आता लोकांना कसं वाटतं ते. आवडतं, फार आवडतं. तुमच्याकडून कुणाचीच अपेक्षा नसते त्यामुळे नुसतं बोरे दा (सुप्रभात) म्हटलं, दिओल्ख (धन्यवाद) म्हटलं तरी माणूस खुलतो. अडचण आहे ती दुसरीच. तुम्ही दोन वाक्यं बोललात आणि तिसऱ्यात अडखळलात की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो. वाईट हेतूने नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून. पिढ्यानपिढ्या सवयच ती लागलेली, खोलीत एक जण जरी वेल्श न येणारा आला तरी सगळे इंग्लिशमध्ये बोलायला लागणार, त्यालाच ते सभ्यपणा समजतात. शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते की आम्हाला बोलूच देत नाहीत. यावर त्यांनी एक चांगला उपाय केलाय, नारिंगी रंगाचा बिल्ला. कामावर वेल्श बोलणारा माणूस तो लावतो किंवा त्याची गळ्यातली पट्टी घालतो म्हणजे समोरच्याला कळतं की याच्याशी बिनधास्त वेल्शमध्ये सुरुवात करावी. शिकणाऱ्यांसाठी वेगळा बिल्ला असतो, तो लावलात की लोक जरा हळू बोलतात आणि थांबतात पण.

हॉस्पिटलचं तर तुम्ही अगदी बरोबर ओळखलंय. आरोग्य आणि सोशल केअरसाठी 2012 पासून सरकारचं एक धोरण आहे, त्याचा गाभाच असा की पेशंटने 'माझ्याशी वेल्शमध्ये बोला' असं मागायची वेळ येऊ नये, स्टाफने आपणहून विचारावं. का, तर आजारी माणूस मागत नाही. तो घाबरलेला असतो, त्याला वाटतं उगाच डॉक्टरला त्रास. आणि डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं नंतर शिकलेलं इंग्लिश आधी जातं आणि घरातली भाषा तेवढी राहते असं पुष्कळदा होतं, लहान मुलांचं पण तेच, शाळेत जाईपर्यंत काहींना इंग्लिश धड येतच नाही. तेव्हा नक्की शिका.

सरळ_बोलतो

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका ताई. मी यूकेत होतो, वेल्समध्ये नाही, पण सिस्टीम माहितीये. नवीन देश, नवीन काम, घर शोधायचं, थंडीची सवय करायची, पहिली दोनतीन वर्षं माणूस नुसता टिकून राहायला धडपडत असतो. त्यात जी भाषा वेल्सची सीमा ओलांडली की कुठेच चालत नाही ती शिकायला संध्याकाळ घालवायची? उद्या तुम्हाला मँचेस्टरला जास्त पगाराची नोकरी मिळाली की संपलं. तोच वेळ प्रोफेशनल कोर्सला द्या, बँड म्हणजे तिकडच्या सरकारी हॉस्पिटलांतली पगाराची पायरी वर जाईल, पगार वाढेल.

आणि मराठीशी तुलना लोक करणारच म्हणून आधीच सांगतो, मी घरी मराठीच बोलतो, पण मुलांना इंग्लिश मीडियममध्येच घातलंय आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. माझे वडील गिरणीत होते, त्यांना इंग्लिशचं एक पत्र आलं की चाळीतल्या दोन घरांची दारं वाजवावी लागायची. माझ्या मुलांवर ती वेळ येऊ द्यायची नाही हे मी ठरवलेलं. भाषेवर प्रेम असणं वेगळं आणि भाषेवर पोट चालणं वेगळं, ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना हा फरक लवकर कळत नाही.

गिरगावातली_बाई

सरळ_बोलतो, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा निर्णय मला समजतो. मी गिरगावात मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. वर्गातली मुलं कमी कमी होताना बघितली आहेत आणि त्या पालकांमध्ये एकही मराठीचा शत्रू नव्हता, सगळे तुमच्यासारखेच होते, मुलाचं भलं व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. म्हणून वेल्सचा इतिहास वाचला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

त्यांच्याकडे 1847 साली शिक्षणावरचा सरकारी अहवाल आला, तिघं इंग्रज अधिकारी फिरून आले, त्यांना वेल्श येत नव्हतं, आणि अहवालात लिहून मोकळे झाले की हे लोक मागासलेले, अनीतिमान आणि त्याला कारण त्यांची भाषा. निळ्या बाइंडिंगचा तो अहवाल वेल्श माणूस अजून विसरलेला नाही. त्या शतकात बऱ्याच शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची एक पाटी अडकवायचे, मग ते पोर दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडेपर्यंत ती घालून फिरणार आणि शेवटी ज्याच्या गळ्यात ती राहील त्या पोराला मार. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की पुष्कळ आईबापांचा याला विरोध नव्हता. त्यांनाही वाटत होतं इंग्लिश आलं तर पोरगं खाणीतून बाहेर पडेल. 1911 ला वेल्श बोलणारे 9 लाख 77 हजार होते, लोकसंख्येच्या 43 टक्क्यांच्या वर, आणि दादरकरांनी आताचा आकडा वर दिलाच आहे. हे कोणी एकाने बंदूक लावून केलेलं नाही, घराघरातून झालेलं आहे, एकेका आईने एकेका मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचं ते ठरवलं त्यातून.

मग फिरलं कधी? 1962 साली वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांचं रेडिओवर भाषण झालं, ही भाषा अशीच गेली तर संपेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि त्याच वर्षी तरुणांनी संघटना काढली. इंग्लिशमधल्या कोर्टाच्या नोटिसा नाकारल्या, रस्त्यावरच्या इंग्लिश पाट्या रंगवल्या, तुरुंगात गेले. 1980 मध्ये वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते ग्विनव्होर एव्हान्स यांनी जाहीर केलं की वेल्श टीव्ही चॅनेलचं दिलेलं वचन सरकार मोडत असेल तर मी आमरण उपोषण करीन, आणि थॅचरबाईंच्या सरकारला माघार घ्यावी लागली. 1 नोव्हेंबर 1982 ला चॅनेल सुरू झालं. त्याच 1982 च्या जानेवारीत इथे आपला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर लालबाग परळचं काय झालं ते आपण बघितलंच. मी मुद्दाम दोन्ही एकत्र लिहितेय कारण माझ्या मते मराठीचं मुंबईतलं सगळ्यात मोठं नुकसान पाट्यांमुळे किंवा कोणाच्या येण्यामुळे झालेलं नाही, घर परवडेना म्हणून मराठी माणूस डोंबिवली, बदलापूर, विरारला गेला त्याने झालंय. चाळ गेली की गणपतीतलं नाटक गेलं, वाचनालय गेलं, जिन्यातली भांडणंसुद्धा गेली आणि भाषा या सगळ्यात असते. ग्विनेदमध्ये आता हेच चालू आहे, समुद्राकाठच्या गावांत बाहेरचे लोक सुट्टीसाठी घरं घेऊन ठेवतात, किमती गावातल्या तरुणांच्या आवाक्याबाहेर जातात, मग ती पोरं शहरात जातात. तिथल्या कौन्सिलने अशा दुसऱ्या घरांवर जादा कर लावलाय, आपल्याकडे अशी कल्पना तरी कोणी मांडतं का.

फिजिओताई, तुम्ही शिका. हॉस्पिटल ही अशी जागा आहे जिथे पगार आणि भाषा हा वादच लागू होत नाही.

चेंबूरचा_मल्याळी

मी इथे सहसा फक्त वाचतो पण हा धागा बघून राहवलं नाही. माझी मातृभाषा मल्याळम, जन्म चेंबूरचा, शाळेत मराठी होती पण मार्कांपुरती. खरी मराठी शिकलो नोकरीला लागल्यावर, आणि दादरकरांनी जे लिहिलंय ना की समोरचा लगेच इंग्लिशवर येतो ते वाचून मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं कारण माझं सगळं आयुष्य तेच आहे!! मी मराठीत बोलायला सुरुवात करतो, माझा हेल ऐकला की मराठी माणूस हिंदीत उत्तर देतो. मी परत मराठीत, तो परत हिंदीत. भाजीवाल्या मावशी, बँकेतला माणूस, सोसायटीचे सेक्रेटरी ज्यांच्या दारावर ज्ञानेश्वरांचा फोटो आहे ते पण. त्यांना वाटतं ते मला मदत करतायत. आणि मग हीच मंडळी म्हणतात बाहेरचे लोक इतकी वर्षं मुंबईत राहून मराठी शिकत नाहीत. अहो शिकू तर द्या. भाषा काय क्लासमध्ये येते का, ती रोज दहा माणसांनी तुमच्याशी बोलली तर येते.

मी काय केलं ते सांगतो म्हणजे ताईंना उपयोग होईल. सुरुवातीलाच सांगून टाकायचं. ऑफिसात मी माझ्या टीमला सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी फक्त मराठी, मी कितीही हिंदीत घसरलो तरी तुम्ही घसरायचं नाही. दोघांनी मनावर घेतलं, बाकीचे विसरायचे, पण दोघं पुरले. मावशींना पण सांगितलं. त्या मग इतक्या मनावर घेऊन शिकवायला लागल्या की पालेभाज्यांची सगळी नावं माझ्याकडून पाठ करून घेतली, माठ आणि पोकळा यातला फरक विचाराल तर आज मी सांगू शकतो. आणि नंतर काय झालं तर आईच्या ऑपरेशनच्या वेळी वॉर्डातल्या मावश्या, सिस्टर सगळ्या आपल्या माणसासारख्या वागल्या. मराठी येतं म्हणून ट्रीटमेंट वेगळी मिळाली असं म्हणत नाहीये, पण रात्री तीन वाजता मी कुणाशी तरी बोलू शकत होतो, त्याची किंमत सरळ_बोलतो भाऊ पगारात कशी करणार.

सरळ_बोलतो

बाई, तुमचं घरांबद्दलचं पटलं, शंभर टक्के. आम्हीच लालबाग सोडून दिव्याला गेलो. चेंबूरवाल्या भावांनी पण मनापासून लिहिलंय.

माझा मुद्दा एवढाच होता की सक्ती नको. इथे भाषेवरून दुकानदाराला, रिक्षावाल्याला मारल्याचे व्हिडिओ येतात ते बघून लाज वाटते. भीतीने कुणी चार वाक्यं बोललं म्हणजे भाषा वाढली का? वेल्समध्ये पण शाळेत सक्ती आहेच ना, त्याने बोलणारे वाढलेत का, आकडा तर उतरतोच आहे. ताईंना शिकायचीच आहे तर शिकू देत, पण नाही शिकली तर त्यांना अपराधी वाटायला लावू नका.

कार्डिफमधला_दादरकर

मारहाणीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. इकडे पण 1979 पासून दहाबारा वर्षं सुट्टीच्या घरांना आगी लावायचे प्रकार झाले. त्यातून एक माणूस वेल्श शिकल्याचं मला कोणी सांगितलेलं नाही. पण शाळेतला विषय आणि रस्त्यावरची मारहाण एका तागडीत घालू नका. इथे सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक शाळेत वेल्श शिकवतात, आणि इंग्लिश माध्यमाच्या शाळेत ती जेमतेम आपल्या इंग्लिश मीडियमच्या पोरांच्या मराठीसारखीच राहते, मार्क मिळतात, तोंडातून निघत नाही, यात तुम्ही म्हणता ते खरंय. फरक पडला तो वेल्श माध्यमाच्या शाळांनी. 1939 ला ॲबरिस्टविथमध्ये अशी पहिली प्राथमिक शाळा निघाली, खासगी, मूठभर पोरं होती. आज अशा शाळांमध्ये कितीतरी मुलं अशी आहेत ज्यांच्या घरात वेल्शचा एक शब्द कुणाला येत नाही. माझी मुलगी त्यातलीच. घरी मराठी, शाळेत गणितापासून सगळं वेल्शमध्ये, मैत्रिणींशी इंग्लिश, आणि इंग्लिश अजिबात कच्चं राहिलेलं नाही. तुमच्या वडिलांवर आलेली वेळ इंग्लिश न शिकवल्याने आली, मराठी शिकवल्याने नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आता मुलगी शाळेबाहेर वेल्श बोलते का? कमी. कार्डिफमध्ये मैदानावर पोरं इंग्लिशच बोलतात, शिक्षक मागे लागतात तेवढ्यापुरतं. सरकारने 2050 पर्यंत दहा लाख बोलणारे करायचं ठरवलंय, 2017 पासून ते धोरण चालू आहे, पण नुसतं येणारे दहा लाख झाले आणि कोणी बोललंच नाही तर काय, ही चर्चा इथे पण सतत चालते. म्हणून फिजिओताईंसारखी माणसं महत्त्वाची, ज्यांना भाषा वापरायला जागा आहे.

फिजिओ_मुलुंड

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरळ_बोलतो, तुम्ही लिहिलंत ते पण बरं झालं, पहिली दोनतीन वर्षं दमछाक होणार हे मी मनाशी धरून चाललेय. पण मी ठरवलं, शिकणार. पूर्ण येईल की नाही माहीत नाही पण पेशंटचं नाव नीट घेता आलं पाहिजे, कुठे दुखतं, उठून बसा, माझा हात धरा, श्वास घ्या एवढं तरी त्यांच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. चेंबूरवाले दादा, तुमची सुरुवातीलाच सांगून टाकायची आयडिया मी तशीच उचलणार आहे, आणि जायच्या आधी जे काही महिने मुंबईत आहे तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या तमिळ आणि मल्याळी सिस्टर मराठीत बोलल्या की मी हिंदीत उत्तर द्यायचं नाही हेही ठरवलंय, मी पण तेच करत आले होते.

दादरकर, एकच प्रॅक्टिकल प्रश्न. मोबाइलवरच्या त्या घुबडाच्या ॲपवर, म्हणजे ड्युओलिंगोवर, सुरुवात करू का? आणि नॉर्थ साऊथची भाषा वेगळी म्हणतात ती किती?

कार्डिफमधला_दादरकर

ॲपवर 2016 पासून वेल्श आहे, कानाला सवय व्हायला ठीक, पण तेवढ्यावर थांबू नका. राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राचे ऑनलाइन वर्ग आहेत, पहिली पायरी मनेदियाद नावाची, तिची पुस्तकं नॉर्थची वेगळी आणि साऊथची वेगळी असतात, तुम्ही नॉर्थचंच घ्या म्हणजे पेशंट बोलतात तेच शिकाल. दुधाला, आजीला, 'मला हवंय' याला सुद्धा शब्द वेगळे आहेत पण एकमेकांचं कळतं, आपल्या वऱ्हाडी आणि कोकणी बोलण्यात असतं तसंच धरा. केंद्राचे नोकरीच्या क्षेत्राप्रमाणे छोटे कोर्स पण आहेत, आरोग्यवाल्यांसाठीचा शोधा.

वाचायला घाबरू नका, स्पेलिंग बघून दचकायला होतं पण नियम एकदा कळले की लिहिलंय तसंच वाचतात, इंग्लिशपेक्षा कितीतरी सरळ. दोन 'एल' एकत्र आले की त्याचा आवाज आपल्याकडे नाही, जीभ 'ल' च्या जागी ठेवून नुसती हवा बाजूने सोडायची, आरशासमोर करा. शब्दांची पहिली अक्षरं वाक्यात बदलतात त्याचा सुरुवातीला अजिबात विचार करू नका, ते चुकलं तरी सगळ्यांना समजतं. बोरे दा, दिओल्ख आणि चहाला पनेद एवढं विमानात पाठ करा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला विचारा की स्टाफसाठी कामाच्या वेळेत वेल्शचा वर्ग आहे का, नॉर्थकडे पुष्कळ ठिकाणी असतो, आणि शिकणाऱ्याचा बिल्ला त्याच दिवशी मागून घ्या.